किमयागार भट्टीपाशी बसत होते की ध्यानाला?

वाचक विचारतात

प्रश्न (सातारा) : ताई, शाळेत आम्ही शिकलो की किमयागार म्हणजे शिशाचे सोने करायला निघालेले भाबडे लोक, आणि त्यांच्या फसलेल्या खटपटीतून पुढे रसायनशास्त्र निघाले. परवा एका व्याख्यानात नेमके उलटे ऐकले. वक्ते म्हणाले, शिसे म्हणजे अज्ञानी मन आणि सोने म्हणजे मुक्त आत्मा. खऱ्या किमयागाराने भट्टी पेटवलीच नाही, ती सगळी सांकेतिक भाषा होती. इतिहासाचे अभ्यासक यातले काय खरे मानतात?

उत्तर : सांगलीच्या कॉलेजात एकतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले. पहिल्या तासाला मीही तुमच्या शाळेच्या पुस्तकातले ते वाक्य सांगत असे. आज सांगणार नाही. पण वक्त्यांचे म्हणणेही मला पटत नाही. का, ते एका लांडग्यापासून सुरू करते.

१५९९ साली जर्मनीत बासिल व्हॅलेंटाइन या नावाने एक पुस्तक छापले गेले. त्यात परीस तयार करण्याच्या 'बारा किल्ल्या' होत्या. पहिल्या किल्लीतला मजकूर साधारण असा आहे : एक भुकेला करडा लांडगा घ्या. तो नावाने मंगळाच्या हुकमतीखाली आहे, पण जन्माने म्हाताऱ्या शनीचा मुलगा आहे. त्याच्यापुढे राजाचे शरीर टाका. लांडग्याने राजाला खाल्ले की मोठा जाळ करून लांडग्याला त्यात टाका. तो जळून जाईल आणि राजा सुटेल. असे तीनदा करा. नंतरच्या आवृत्तीत याचे चित्रही आले. राजा-राणी उभे आहेत, लांडगा मुशीवरून (मूस म्हणजे धातू वितळवायचे भांडे) उडी मारतोय आणि एका बाजूला विळा घेतलेला लाकडी पायाचा म्हातारा आहे.

हे वाचून कुणालाही वाटेल की हा मरण आणि पुनर्जन्माचा विषय आहे. राजा म्हणजे जीव, लांडगा म्हणजे वासना, अग्नी म्हणजे तप. एकोणिसाव्या शतकात अनेकांनी असाच अर्थ लावला. इंग्लंडमध्ये मेरी अ‍ॅन साउथ या तरुणीने (लग्नानंतर ती अ‍ॅटवुड झाली) १८५० मध्ये एक मोठा ग्रंथ निनावी छापला. किमया ही मुळात माणसाच्या आत्म्यावर करायची क्रिया आहे, असे त्यात मांडले होते. पुस्तक बाहेर पडल्यावर तिला आणि तिच्या वडिलांना वाटले की आपण फार मोठे गुपित उघडे केले, आणि मिळतील तेवढ्या प्रती परत घेऊन त्यांनी जाळल्या. सात वर्षांनी अमेरिकेत हिचकॉक नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने म्हटले की किमयेचा विषय धातू नव्हताच, माणूस होता. तुमच्या व्याख्यात्यांचे वाक्य या घराण्यातले आहे. ते प्राचीन वाटते, पण वय पावणेदोनशे वर्षांचेच.

मग आले कार्ल युंग. त्यांचा मानसशास्त्र आणि किमया यांवरचा ग्रंथ १९४४ चा. युंग यांनी भट्टी नाकारली नाही. त्यांचे म्हणणे असे की पदार्थात नेमके काय घडते हे किमयागाराला ठाऊक नव्हते, त्यामुळे त्या अंधारात त्याला स्वतःच्याच मनाच्या तळातली चित्रे दिसू लागली. ड्रॅगन, राजा-राणी, काळे पडणे, पांढरे होणे, लाल होणे. हीच चित्रे आजच्या माणसांच्या स्वप्नांतही येतात असे त्यांनी दाखवले, आणि ती स्वप्ने बरीचशी वोल्फगांग पाउली या भौतिकशास्त्रज्ञाची होती. युंग यांच्याबद्दल मला आदर आहे. रद्दीत जायच्या लायकीची मानली गेलेली पुस्तके त्यांनी जमवली आणि वाचली. पण त्यांनी वाचताना एक प्रश्न मागे ठेवला : हा लांडगा प्रत्यक्षात मुशीत टाकता येतो का?

येतो. करडा लांडगा म्हणजे अँटिमनीचे गंधकयुक्त खनिज, काळसर, चकचकीत. सुरमा म्हणून पूर्वी डोळ्यांत घालत तेच. वितळलेल्या अवस्थेत ते जवळजवळ प्रत्येक धातू गिळते, म्हणून लांडगा. अँटिमनी शिशाच्या नात्यातली मानत आणि शिशाचा ग्रह शनी, म्हणून तो शनीचा मुलगा. राजा म्हणजे सोने. आता भेसळीचे सोने या खनिजाबरोबर वितळवा. खनिजातला गंधक सोन्यातले तांबे आणि चांदी ओढून घेतो आणि मळ होऊन वर येतो. सोने अँटिमनीसह तळाशी बसते. तो तळाचा गोळा फोडून पुन्हा कडक तापवला की अँटिमनी पांढऱ्या धुराच्या रूपात उडून जाते. लांडगा जळाला, राजा उजळ होऊन सुटला. तीन वेळा केले की सोने फारच शुद्ध होते. आपल्या सराफाला हे वर्णन वाचून दाखवले तर तो मान डोलावेल.

हा अर्थ उलगडला तो विल्यम न्यूमन आणि लॉरेन्स प्रिन्सिपे या अमेरिकी इतिहासकारांच्या पिढीने. प्रिन्सिपे स्वतः रसायनशास्त्र शिकलेले. त्यांनी जे केले त्याने माझ्या मनात पालट झाला, म्हणून ते जरा सविस्तर लिहिते.

याच बासिल व्हॅलेंटाइनच्या नावावर 'अँटिमनीची काच' करायची एक कृती आहे. खनिज कुटा, मंद आचेवर ढवळत भाजा, करडी राख होईल, ती मुशीत वितळवा आणि ओता. पिवळी पारदर्शक काच मिळेल. प्रिन्सिपेंनी शुद्ध खनिज घेऊन कृती केली. हाती आला मळकट करडा गोळा. पुन्हा केली, पुन्हा तेच. इथे शाळेच्या पुस्तकातला माणूस म्हणेल, बघा, थापा. वक्ते म्हणतील, काच हे निर्मळ मनाचे प्रतीक. प्रिन्सिपेंनी कृती परत वाचली. त्यात हंगेरीचे खनिज घ्या असे लिहिले होते. तिकडचे खनिज मिळवून भाजले, वितळवले, ओतले, आणि सोनेरी पिवळी काच तयार झाली. तपासल्यावर कळले की त्या खनिजात थोडी गारगोटी असते. काच जमून यायला ती चिमूटभर सिलिका पुरते. मग त्यांनी शुद्ध मालात सिलिका घालून पाहिली, तरी काच झाली. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या लेखकाला सिलिकाचे कारण माहीत नव्हते. पण त्याने हाताने काम केले होते आणि जे पाहिले ते प्रामाणिकपणे लिहिले होते. मी प्रयोगशाळेत मुलांच्या जर्नलवर सह्या करत आयुष्य काढले. अशा माणसाला भोंदू म्हणण्याचे पाप माझ्या हातून झाले, याचे मला खरेच वाईट वाटते.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याशी येते. जॉर्ज स्टार्की हा १६२८ मध्ये बर्म्युडात जन्मलेला, हार्वर्डमध्ये शिकलेला आणि १६५० मध्ये लंडनला गेलेला किमयागार. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल त्याच्याकडून बरेच शिकले. स्टार्कीने एरिनेअस फिलालेथेस या टोपणनावाने पुस्तके लिहिली. ती इतकी गूढ आहेत की वाचताना वाट सापडत नाही : ड्रॅगन, डायनाची कबुतरे, पिसाळलेले कुत्रे. पण त्याच माणसाच्या प्रयोगवह्या मिळाल्या आहेत. त्यांत वजने आहेत, तारखा आहेत, काय फसले आणि का फसले याचा विचार आहे, पुढच्या वेळी काय बदलायचे ते आहे. आणि त्याच वह्यांत त्याने लिहिले आहे की ब्रिस्टलमध्ये देवाने आपल्याला एक रहस्य उघडून दाखवले, त्याची स्तुती असो.

एकच हात, एकच वही. वजन आणि स्तोत्र एकाच पानावर. रसायन खरे की अध्यात्म खरे, असा प्रश्न त्या माणसाला विचारला असता तर तो कळलाच नसता. देवाने केलेल्या सृष्टीत तो काम करत होता. रहस्य कळले तर ते त्याच्या कृपेने, पण मूस तापवायची ती स्वतःच्या हाताने.

ही फाळणी नंतरची. सतराव्या शतकाच्या अखेरपर्यंत किमया आणि रसायन हे दोन शब्द युरोपात एकमेकांच्या जागी सर्रास वापरत. पुढच्या वीसेक वर्षांत सोने करण्याचा खटाटोप वेगळा काढून त्याला तेवढे 'किमया' हे नाव दिले गेले. १७२२ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीत रसायनशास्त्रज्ञ झोफ्रुआ यांनी परीस करणाऱ्यांच्या लबाड्यांवर निबंध वाचला : दुहेरी तळाच्या मुशी, पोकळ दांड्यांत लपवलेले सोने. लबाड होतेच. पण त्यानंतर सगळीच किमया लबाडीच्या खात्यात गेली. मग एकोणिसाव्या शतकात गूढवाद्यांनी ती उचलून अध्यात्माच्या खात्यात टाकली. म्हणून न्यूमन-प्रिन्सिपे जोडीने १९९८ मध्ये सुचवले की त्या काळासाठी एकच जुना इंग्रजी शब्द वापरू, 'किमिस्ट्री', ज्यात दोन्ही येते.

त्यांच्यावरही टीका झाली आहे आणि ती मला रास्त वाटते. हेरवर्ड टिल्टन यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात की भट्टी सिद्ध करण्याच्या भरात प्रार्थना फार बाजूला पडली. गोर्लिट्झचा चांभार याकोब ब्योम याने सतराव्या शतकाच्या आरंभी किमयेचे शब्द घेऊन चक्क ईश्वरशास्त्र लिहिले, ते काही मुशीसाठी नव्हते. हाइन्रिश खुनराट याच्या १५९५ च्या पुस्तकातले गोल चित्र पाहा. डावीकडे तंबूत वेदीपुढे गुडघे टेकलेला माणूस, उजवीकडे भट्टी आणि बाटल्या, मधल्या टेबलावर वाद्ये. भट्टीवरचे छत ज्या दोन खांबांवर उभे आहे त्यांवर 'तर्क' आणि 'अनुभव' असे शब्द कोरले आहेत. त्या चित्रातले अर्धे झाकून उरलेल्या अर्ध्यावर निकाल देता येत नाही. कुणी किती प्रार्थना केली आणि किती तापवले, हे प्रत्येक लेखकाचे, प्रत्येक शतकाचे वेगळे पाहावे लागते. व्याख्यात्यांना तुम्ही एवढेच विचारा : कोणता किमयागार, कोणते पान?

प्रश्न (डोंबिवली) : न्यूटनसुद्धा किमयेच्या नादी लागला होता म्हणतात. मग गुरुत्वाकर्षण त्याला अध्यात्मातून सुचले का?

उत्तर : नादी लागला होता हे सौम्य झाले. किमयेवर त्याने सुमारे दहा लाख शब्द लिहून ठेवले. १९३६ मध्ये सदबीच्या लिलावात ते कागद विकले गेले तेव्हा जगाला धक्का बसला. अर्थतज्ज्ञ केन्स यांनी त्यांतले पुष्कळ विकत घेतले, वाचले आणि म्हटले की न्यूटन हा बुद्धिवादाच्या युगाचा पहिला माणूस नव्हे, तो जादूगारांतला शेवटचा. हे वाक्य इतके गाजले की लोकांनी कागद वाचायचे सोडले आणि वाक्यच वाचले.

इतिहासकार बेटी जो टीटर डॉब्स यांनी १९७५ पासून ते कागद खरोखर वाचले. त्यांच्या मते न्यूटन किमयेत जगात कार्यरत असलेल्या ईश्वराचा शोध घेत होता. नंतर न्यूमन यांनी तेच कागद भट्टी शेजारी ठेवून वाचले. न्यूटनच्या कागदांतली 'क्लाविस', म्हणजे 'किल्ली', ही न्यूटनचीच रचना असे डॉब्स यांनी मानले होते. १९८७ मध्ये न्यूमन यांनी दाखवले की ती वर सांगितलेल्या स्टार्कीने बॉइलना लिहिलेल्या पत्राची लॅटिन नक्कल आहे. न्यूटन इतरांचे उतारे वहीत उतरवून घेत असे, जसे आपण घेतो. प्रत्येक उतारा म्हणजे श्रद्धा नव्हे. न्यूमन यांचे मत असे की न्यूटनची किमया आणि न्यूटनचे धर्मचिंतन ही दोन कामे बरीचशी स्वतंत्र चालली होती, आणि किमयेत तो प्रयोग करणारा माणूस होता. त्याचा लेखनिक सांगतो की वसंतात आणि पानगळीत सहा-सहा आठवडे त्याच्या प्रयोगशाळेतला विस्तव रात्रंदिवस क्वचितच विझे. गुरुत्वाकर्षण किमयेतून आले असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा मला दिसत नाही.

प्रश्न (नाशिक) : मी वैद्य आहे. 'यथा लोहे तथा देहे' (जसे धातूवर, तसेच देहावर) हे वचन आम्ही शिकलो. आपले रसशास्त्र, म्हणजे पारा आणि धातूंची विद्या, मुळात मोक्षासाठी होते की औषधासाठी? यावर इतिहासकारांत एकमत आहे का?

उत्तर : वैद्यराज, तुमच्या प्रश्नाने मला मिरजेच्या घराची आठवण झाली. माझे वडीलही वैद्य. माजघराबाहेरच्या पडवीत काळ्या दगडाचा खल होता. त्यात पारा आणि गंधक घालून ते कज्जली घोटायचे. सुरुवातीला पाऱ्याचे थेंब पळत, मग ते दिसेनासे होत आणि खलात काजळासारखी काळी मऊ पूड उरे. ती बोटावर घेऊन पाण्याच्या थेंबात चोळायची आणि उन्हात धरायची. एकही कण चमकता कामा नये. 'निश्चंद्र झाली का बघ', असे म्हणून ते माझे बोट उन्हात धरत, कारण त्यांची नजर कमी झाली होती. खलाला हळदकुंकू असे आणि घोटताना त्यांचे विष्णुसहस्रनाम चालू असे. (आज पाऱ्याची वाफ काय करते हे मला पक्के माहीत आहे. घरी हे कुणीही करू नये, आणि माझे बोट पाऱ्यात बुडवायला नको होते.) वडिलांना विचारले असते, हे रसायन की उपासना, तर त्यांनी हात न थांबवता माझ्याकडे नुसते पाहिले असते. युरोपातही जुन्या कृतींत 'अमुक प्रार्थना म्हणून होईपर्यंत उकळा' असे लिहिलेले असते. प्रार्थना ही भक्तीही असते आणि घड्याळही.

आता अभ्यासकांचे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९०२ मध्ये काढला आणि दुसरा १९०९ मध्ये. परक्यांच्या राज्यात, आपल्याकडेही प्रयोगाची परंपरा होती हे सिद्ध करायची त्यांना तळमळ होती. ते स्वतः प्रयोगशाळेतले. त्यामुळे यंत्रे, मुशी, धातू यांवर त्यांचा भर राहिला. डेव्हिड गॉर्डन व्हाइट यांनी १९९६ मध्ये तोल दुसरीकडे नेला. पारा म्हणजे शिवाचे वीर्य, गंधक आणि अभ्रक देवीचे, आणि पाऱ्याला बांधणे व योग्याने बिंदू (वीर्य) बांधणे ही एकच साधना, अशी त्यांची मांडणी. नाथसिद्ध आणि रससिद्ध त्यांनी एका कुटुंबात बसवले. हे वाचताना आपल्याकडच्या मच्छिंद्रनाथाच्या सोन्याच्या विटेची आणि गोरक्षनाथाने सोन्याच्या केलेल्या डोंगराची कथा आठवतेच. अलीकडे डाग्मार वूयास्टिक यांनी ग्रंथ बारकाईने वाचून त्यांतल्या कृती प्रत्यक्ष करवून पाहण्याचे काम हाती घेतले.

मोक्ष हा हेतू कल्पित नाही. निरनिराळ्या दर्शनांचा आढावा घेणाऱ्या, चौदाव्या शतकातल्या सर्वदर्शनसंग्रहात रसेश्वर हे स्वतंत्र दर्शन म्हणून येते आणि तिथे स्पष्ट म्हटले आहे की रसशास्त्र केवळ धातूंसाठी आहे असे समजू नये, देह सिद्ध करून मुक्ती हेच अंतिम प्रयोजन. पण तुम्ही दिलेले वचन रसार्णव या रसशास्त्राच्या ग्रंथात आहे तिथे पुढे काय आहे तेही आठवा : 'पूर्वं लोहे परीक्षेत'. आधी धातूवर परीक्षा घ्या, मग देहावर योजा. मोक्षाच्या ग्रंथात हे लिहिले आहे! मुक्तीच्या वाटेवरसुद्धा त्यांनी परीक्षा सोडली नाही, हे मला फार मोठे वाटते.

आणि ग्रंथातले शब्द जमिनीतून बाहेर येतात त्याचे एक उदाहरण देते. रसरत्नसमुच्चय या रसशास्त्राच्या दुसऱ्या ग्रंथात जस्त काढण्यासाठी 'वृंताकमूषा' सांगितली आहे. वांग्याच्या आकाराची मूस, तिला बारा अंगुळे नळी, नळीचे तोंड धोत्र्याच्या फुलासारखे. राजस्थानात उदयपूरजवळ जावर येथे १९८३ मध्ये उत्खनन झाले तेव्हा अशा मुशी रांगेने उभ्या सापडल्या, एकेका भट्टीत छत्तीस, नळ्या खाली केलेल्या. जस्त ९०७ अंशांना उकळते, त्याची वाफ वर सोडली तर हवेत जळून जाते. म्हणून ती नळीतून खाली उतरवून थंड करायची. निवृत्त झाल्यावर मी जावरला मुद्दाम गेले. जुन्या घरांच्या भिंती वापरलेल्या मुशींनीच रचल्या आहेत, विटांसारख्या एकावर एक. एकीवर हात ठेवला. आत काचेसारखा काळा थर होता आणि खरोखर, वांगेच. वडील असते तर त्यांना दाखवली असती.

प्रश्न (पंढरपूर) : परीसा भागवतांचा परीस नामदेवरायांनी चंद्रभागेत टाकला अशी कथा आहे. संतांनी परीस हा शब्द गुरूसाठी वापरला. मग किमया आध्यात्मिकच होती असे यावरून म्हणता येत नाही का?

उत्तर : नाही म्हणता येत, कारण उपमा देणारा आणि धंदा करणारा हे दोघे वेगळे. परिसाची उपमा ऐकणाऱ्याला भिडते ती परीस खरा असतो असे त्याला वाटते म्हणून. वाळवंटातल्या त्या कथेत परीस खोटा असता तर नामदेवांनी काय सोडले? आणि शब्द पाहा, आपण रोज 'किमया केली' म्हणतो तो अरबी 'अल्-किमिया'तला, फारसीच्या वाटेने मराठीत आलेला. युरोपातला शब्दही त्याच अरबी शब्दावरून. म्हणजे पंढरपूरच्या कीर्तनकाराच्या आणि लंडनच्या स्टार्कीच्या तोंडी एकच शब्द होता. कीर्तनकाराने तो हरिनामाला लावला. स्टार्की १६६५ च्या प्लेगमध्ये, प्लेगने मेलेल्या माणसाचे शवविच्छेदन पाहिल्यानंतर, स्वतः आजारी पडून वारला, तोवर तो भट्टी आणि औषध सोडत नव्हता.